ध्रुवावर फोटो काढायला जायचं, तर आधी काय शिकायचं?

प्रश्न : आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तीन एकर धानाची शेती आहे, मी अंगणवाडी सेविका आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. तिच्या मामाचा लग्नाच्या फोटोंचा धंदा होता. त्याचा जुना कॅमेरा तिच्याकडे आला, तेव्हापासून ती बोडीवर नि बांध्यांमधून पाखरांचे फोटो काढत फिरते. आता म्हणते, मला ध्रुवावर जाऊन पेंग्विन आणि पांढऱ्या अस्वलांचे फोटो काढायचे, तेच काम करायचं. शहरातल्या एका संस्थेचा फोटोग्राफीचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. फी दोन लाख ऐंशी हजार, नोकरीची हमी देतात. कॅमेरा आणि लेन्स वेगळे, ते दीड लाखाच्या वर. तिचे बाबा म्हणतात नर्सिंगला टाकू. माझ्याकडे थोडं सोनं आहे, ते गहाण ठेवू का? तिनं काढलेले दोन फोटो सोबत पाठवते.

उत्तर : ताई, नमस्कार.

सोन्याचं आधी सांगते. ते घरातच राहू द्या. डिप्लोम्यासाठीही नको आणि कॅमेऱ्यासाठीही नको. का, ते पुढे येईलच. त्याआधी त्या दोन फोटोंबद्दल बोलू द्या, कारण मुलीबद्दल तुमच्या पत्रापेक्षा त्यांनीच मला जास्त सांगितलं.

पहिला फोटो बगळ्याचा. हिरव्यागार धानात उभा आहे, पण पिसांचा पार चुना झालाय, एकही पीस वेगळं दिसत नाही. ही चूक दुरुस्त होण्यासारखी आहे, तिच्याकडे परत येते. दुसरा फोटो मात्र मी बराच वेळ समोर ठेवून बसले. कापणी झालेली बांधी, त्यात सारसाची जोडी आणि तांबूस डोक्याचं पिल्लू. मागच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कुणीतरी डोक्यावर तणसाचा भारा घेऊन चाललंय. एका सारसाची मान वर आहे, बाकी दोघं निवांत दाणे टिपताहेत. माणूस फार जवळ गेला असता तर सगळ्यांच्याच माना वर झाल्या असत्या आणि ते चालू लागले असते. म्हणजे पोरगी लांब थांबली होती. फोटोच्या मागे पेन्सिलीनं तारीख आणि वेळ आहे, आणि खाली लिहिलंय, ‘एक पहारा देतो, बाकीचे खातात. मग पाळी बदलते. मी धुऱ्याच्या अलीकडेच बसली होती.’ ताई, ही नोंद त्या फोटोइतकीच मोलाची आहे. आपल्या राज्यात सारस मोजकेच उरलेत आणि त्यातले बहुतेक तुमच्याच जिल्ह्यात आहेत. ते तुमच्या बांधीत उतरतात आणि तुमची लेक त्यांना न उठवता पाहत बसते. या कामाची खरी सुरुवात अशीच होते.

आता ध्रुवाचं. एक गोष्ट तिला स्वच्छ कळायला हवी : नुसते फोटो काढायला ध्रुवावर कुणी कुणाला पगार देऊन सहसा पाठवत नाही. शंभर वर्षांपूर्वी पाठवत. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या स्कॉटच्या १९१० च्या मोहिमेत हर्बर्ट पाँटिंग हा फोटोग्राफर होता आणि शॅकल्टनच्या १९१४ च्या मोहिमेत फ्रँक हर्ली. हर्लीचं जहाज बर्फात चेपून बुडायला लागलं, तेव्हा त्यानं गारठलेल्या पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. ओझं नेता येणार नव्हतं म्हणून सव्वाशेच्या आसपास ठेवल्या आणि चारशेच्या आसपास तिथेच फोडून टाकल्या. मोहिमेचा पगारी फोटोग्राफर असण्याचे ते दिवस जवळपास संपले. आज तिथे जे वर्षानुवर्षं काम करतात, ते बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी उपयोगाचे म्हणून पोचलेले असतात. कुणी संशोधक, कुणी जहाजावरचे गाईड, कुणी तळावरचे तंत्रज्ञ. कॅनडाचे पॉल निकलेन यांचं नाव तिनं नक्की ऐकलं असेल. ते आधी जीवशास्त्र शिकले, उत्तरेकडच्या सरकारी खात्यात वन्यजीवांवर काम केलं आणि मग पूर्ण वेळ कॅमेरा हातात घेतला. म्हणून तुमच्या घरातला खरा प्रश्न असा आहे : बर्फावर तिची गरज पडावी, असं ती काय शिकेल?

पेंग्विन आणि पांढरं अस्वल एका जागी मिळत नाहीत, हे तिला बहुतेक माहीत असेलच. अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला. त्यामुळे वाटाही दोन होतात. उत्तरेला माणसं राहतात, गावं आहेत. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ७८ अंश अक्षांशावर, लाँगइयरब्येन नावाचं गाव आहे. तिथे दुकानं आहेत, शाळा आहे. आपलं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र त्याच बेटांवर न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून चालू आहे. दक्षिणेला, म्हणजे अंटार्क्टिकावर, कायमची वस्ती कुणाचीच नाही. तिथे आपली ‘मैत्री’ (१९८९) आणि ‘भारती’ (२०१२) ही दोन केंद्रं आहेत. या सगळ्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहतं. दरवर्षी मोहीम जाते. तिच्यात शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर, गाड्यांचे मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकीही असतात आणि त्यांच्या कंत्राटी जागांच्या जाहिराती निघतात. निवड झाली की कसून वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडातल्या औलीला आयटीबीपीकडे (भारत-तिबेट सीमा पोलीस दलाकडे) बर्फातलं प्रशिक्षण मिळतं. गावाकडची मुलं ही नावं कधी ऐकतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. या संस्थेच्या वेबसाइटवर मुलीला महिन्यातून एकदा तरी नजर टाकायला सांगा.

तिच्यासाठी मला सर्वांत पटणारी वाट विज्ञानाची आहे. बारावीनंतर गोंदियाला किंवा नागपूरला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावं. मग एम.एस्सी.साठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरुचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) या दोन जागा डोळ्यांसमोर ठेवाव्यात. दोन्हीकडे जागा थोड्या आहेत आणि निवड कठीण आहे, पण तिथे निवड होताना प्रत्यक्ष रानात काय पाहिलं, काय टिपलं याला वजन असतं, आणि ती सवय तिला आत्ताच लागली आहे. समुद्री जीवशास्त्र घेतलं तरी चालेल. या शिक्षणातून आपल्या देशातही काम मिळतं, ध्रुवाची संधी आली नाही म्हणून ते वाया जात नाही. डिप्लोम्याबद्दल माझा आक्षेप हाच आहे. त्यानंतर तिच्या हातात एका फोटो स्टुडिओतली नोकरी असेल, फार तर. हमी देणाऱ्या संस्थेला एवढंच विचारा : वन्यजीव फोटोग्राफीवर पोट भरणारे तुमचे तीन जुने विद्यार्थी फोनवर बोलायला द्या. दिले, तर मला पुन्हा लिहा.

दुसरी वाट जहाजाची. अंटार्क्टिकाला जाणारी बहुतेक प्रवासी जहाजं नोव्हेंबर ते मार्च या काळात अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून निघतात. त्यांच्यावर गाईडांची तुकडी असते. पक्ष्यांवर बोलणारे, बर्फावर बोलणारे, प्रवाशांना फोटो शिकवणारे. प्रत्येकाला रबरी बोट हाकता यावी, प्रथमोपचार यावेत, इंग्रजीत शंभर माणसांसमोर बोलता यावं अशी अपेक्षा असते. जहाजावर नोकरी म्हणजे एसटीसीडब्ल्यू, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांसाठी ठरलेलं सुरक्षा प्रशिक्षण, आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपत्र, हेही आलंच. हे सगळं पदवीनंतर करता येतं. आज करण्यासारख्या गोष्टी दोन : इंग्रजी बोलण्याचा सराव आणि पोहणं. बोडीकाठी वाढलेल्या मुलींनाही पोहायला शिकवत नाहीत. तिला शिकवा.

पर्यटक म्हणून जाणं हा तिसरा मार्ग. त्यातली स्वस्तातली जागासुद्धा काही लाखांना पडते, विमानभाडं वेगळं. तो विचार सध्या सोडून द्या.

आता त्या सारसाच्या फोटोकडे परत येते, कारण ध्रुवावरचे नियम वाचले की तो आठवतो. अंटार्क्टिकाला नेणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचा दंडक आहे की पेंग्विनपासून किमान पाच मीटर लांब राहायचं, पेंग्विन चालत आला तर वाट सोडायची. एका ठिकाणी एका वेळी शंभरापेक्षा जास्त प्रवासी उतरवायचे नाहीत. आपल्याबरोबर एखादं बी किंवा रोग जाऊ नये म्हणून उतरण्याआधी बूट घासून धुवायचे. २०२३ च्या ऑक्टोबरात दक्षिणेकडच्या साउथ जॉर्जिया बेटाजवळ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पक्ष्यांचा घातक फ्लू पोचला. तेव्हापासून जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, लोळणं, बॅग खाली ठेवणं हेही बंद झालं. वन्यजीव फोटोग्राफर नेहमी जमिनीला पोट लावून फोटो काढतात, त्यांना उभ्यानं काम शिकावं लागलं. स्वालबार्डमध्ये २०२५ पासून पांढऱ्या अस्वलापासून ३०० मीटर अंतर ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५००. एवढ्या लांबून फोटो जिवंत करायचा, तर तो प्राणी पुढच्या क्षणी काय करेल हे आधी ओळखता यायला हवं. ते धुऱ्याच्या अलीकडे बसूनच शिकता येतं. सारसाच्या घरट्याजवळ मात्र तिनं कधीही जाऊ नये, कुणी कितीही आग्रह केला तरी. पक्ष्याला अंड्यांवरून उठवून मिळालेला फोटो कुणालाही दाखवण्याच्या लायकीचा नसतो.

बगळ्याचा फोटो का बिघडला, ते तिला समजावून सांगा, किंवा हे पत्रच वाचायला द्या. कॅमेरा समोरच्या सगळ्या चौकटीचा उजेड मधल्या करड्या छटेवर आणायला बघतो. चौकटीत गडद धान जास्त आणि बगळा छोटा, म्हणून त्यानं उजेड वाढवला आणि बगळा जळाला. इथे एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, कमी करायला हवं होतं. बर्फावर नेमकं उलटं घडतं. चौकटभर पांढरंच, म्हणून कॅमेरा उजेड कमी करतो आणि बर्फ मळकट करडा येतो. तिथे उजेड एक ते दीड स्टॉप (स्टॉप हे उजेडाचं माप) वाढवावा लागतो. दुपारच्या उन्हात बगळ्यावर हा हिशेब जिला जमला, तिला बर्फ अवघड जाणार नाही. बाकी थंडीतल्या गोष्टी मग शिकता येतात : बॅटरी भराभर उतरते म्हणून जादा बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवायच्या, उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायचा, नाहीतर गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून सुटतं तसं पाणी लेन्सवर सुटतं. पदवीच्या काळात कधी जमलं, तर हिमाचलातलं किब्बर किंवा लडाख हिवाळ्यात पाहून यावं. हिमबिबट्याच्या त्या मुलखात बोटं बधिर झाल्यावर बटण कसं दाबायचं, ते कळतं.

आणि ध्रुव इतका लांब आहे असंही समजू नका. हिवाळ्यात तुमच्या बोडीचं पाणी आटलं की चिखलात चिमणीएवढे करडे-तपकिरी पक्षी तुरुतुरु पळत चोच मारताना दिसतात. छोटा टिलवा. वजन वीस-तीस ग्रॅम. हा पक्षी उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रावर अंडी घालतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. सारसाकडे सगळे बघतात, टिलव्याकडे कुणी बघत नाही. पुढची तीन वर्षं तिनं हा एक पक्षी धरावा. कधी आला, किती आले, काय खातात, कधी गेले, चिखल वाळला की कुठे जातात, सगळं वहीत लिहावं आणि फोटो काढावेत. एम.एस्सी.च्या मुलाखतीत ती वही समोर ठेवता येते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव फोटो स्पर्धेत सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फी नसते. वय बसत असेल तर सारसाचा फोटो पाठवू द्या. अंतिम फेरीत ते मूळ फाइल मागतात, म्हणून तिनं आजपासून रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या न बदललेल्या फाइली, जपून ठेवाव्यात.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर मामाचा कॅमेरा अजून दोन वर्षं पुरेल. फार तर लांबचं जवळ आणणारी ७०-३०० मिलिमीटरची एखादी जुनी लेन्स, ओळखीच्या माणसाकडून, तपासून घ्या.

कमाईबद्दल खोटं सांगणार नाही. नुसते फोटो विकून आज घर चालत नाही. या क्षेत्रातले लोक शिकवतात, लोकांना रानात नेतात, व्हिडिओ करतात, संस्थांसाठी काम करतात, लिहितात. वर्षानुवर्षं पैसा कमी-जास्त होत राहतो. म्हणूनच तिच्या हाताला दुसरं पक्कं काम हवं, असा माझा हट्ट आहे.

तरीही तिला मागे ओढू नका, असं मी का म्हणते? २०२२ साली अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ लवकर फुटला आणि एम्परर पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींमधली जवळजवळ सगळी पिल्लं पोहण्याजोगी पिसं फुटण्याआधीच गेली असावीत. हे उपग्रहाच्या चित्रांवरून कळलं. तिथे काय चाललंय हे जवळून, शहाणपणानं, प्राण्याला त्रास न देता पाहणारी आणि आपल्या भाषेत सांगणारी माणसं आपल्याकडे फारच थोडी आहेत. तुमच्या मुलीमध्ये त्यांच्यातली एक होण्याचा गुण मला दिसतो.

मुलीची जात, एवढ्या लांब एकटी, ही काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण घरात कुणीतरी काढेलच. तेव्हा सांगा की १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत दोन बायका अंटार्क्टिकाला गेल्या होत्या : सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत. पंत यांचा जन्म नागपूरचा. पुढे २०१६-१७ मध्ये इस्रोच्या मंगला मणी ‘भारती’वर ४०३ दिवस राहिल्या, तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं.

तिच्या बाबांच्या नर्सिंगला माझा विरोध नाही, ते मानाचं काम आहे. पण मुलीचं मन प्राणिशास्त्रात असेल, तर नर्सिंगला घातलेली तीन-चार वर्षं तिलाही जड जातील आणि त्यांनाही. त्यांना विचारा, बी.एस्सी.ची तीन वर्षं द्याल का? फी त्या डिप्लोम्याच्या मानानं किरकोळ आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला तर आणखी कमी होईल. तीन वर्षांत ती वही भरली नाही, इंग्रजी सुधारलं नाही, तर पुढचं पुन्हा बसून ठरवू. आत्ता बारावीची परीक्षा जवळ आहे. तोवर कॅमेरा फक्त रविवारी सकाळी, आणि जीवशास्त्राचा पेपर नीट.