किटमधून स्पिटफायरचे रेडिओ-नियंत्रित मॉडेल बांधताना सर्वांत जास्त काळजी कशाची घ्यावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ट्रेनर (शिकाऊंसाठीचे) विमान व्यवस्थित उडवता येऊ लागल्यावर बाल्सा या हलक्या लाकडाच्या किटमधून स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे मॉडेल बांधायला घ्यावे का, आणि घेतल्यास सर्वाधिक लक्ष कोणत्या कामात घालावे. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. बांधायला अवश्य घ्या. मात्र बांधणी चालू असेपर्यंतच्या काळात खालच्या पंखांचे, एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांच्या मागच्या पट्ट्या) असलेले आणि शेपटीला चाक असलेले एखादे साधे विमान उडवण्याचा सराव करून ठेवा, कारण ट्रेनर हात सोडले की स्वतः सावरते, स्पिटफायर सावरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत ठाम आहे. युद्धविमानाचे मॉडेल नीट उडणार की नाही, हे रंगाचा पहिला हात लागण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते, आणि ते ठरवणाऱ्या गोष्टी दोन: पंखांचा पीळ आणि शेपटीचे वजन. कॉकपिट, खुणा, पॅनेलच्या रेषा यांत मन रमते हे खरे, पण त्या राहिल्या तरी नंतर करता येतात.

आधी पंखांविषयी. स्पिटफायरचा लंबवर्तुळाकार पंख टोकाकडे अरुंद होत जातो. कमी वेगात नाक जास्त उचलले गेले आणि एका बाजूचे टोक आधी स्टॉल झाले, म्हणजे हवेचा प्रवाह सुटून त्याची उचल गेली, तर विमान त्या बाजूला झटकन कलंडते. हे बहुधा उतरतानाच घडते, म्हणजे सावरायला उंची नसते तेव्हा. स्पिटफायरचे रचनाकार आर. जे. मिचेल यांच्या चमूने मूळ विमानातच यावर उपाय केला होता: पंख बुडाशी अधिक 2 अंशांवर, तर टोकाशी उणे अर्ध्या अंशावर बसवलेला होता. या अडीच अंशांच्या पिळाला वॉशआउट म्हणतात. त्यामुळे पंखाचा बुडाकडचा भाग आधी स्टॉल होतो, विमान थरथरून इशारा देते आणि तोवर टोकाकडचे एलेरॉन काम करत राहतात. मॉडेलला याची गरज अधिकच असते, कारण पंखाची रुंदी आणि वेग दोन्ही घटल्याने रेनॉल्ड्स अंक (हवेचा प्रवाह कसा वागेल हे दाखवणारी संख्या) कमी होतो आणि हवेचा प्रवाह पंखापासून लवकर सुटतो.

हा पीळ बांधतानाच घालावा लागतो. त्यासाठी काम करण्याचा पाट खरोखर सपाट हवा. प्लॅनवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून खालचा स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारा कणा) टाचण्यांनी पक्का करा, रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) गुण्यात, म्हणजे काटकोनात बसवा आणि मागच्या कडेखाली टोकाकडे उंच होत जाणारी पाचर ठेवा. काही किटांमध्ये रिबनाच त्या मापाचे छोटे पाय दिलेले असतात, ते घाईने कापून टाकू नका. यानंतरची पायरी निर्णायक आहे. नुसता सांगाडा बोटांनी सहज पिळता येतो, पण वरून आणि खालून बाल्साचे पातळ आवरण चिकटले की त्याची बंद पेटी होते आणि त्या क्षणी असलेला पीळ, बरोबर असो वा चूक, कायमचा राहतो. म्हणून पहिल्या बाजूचे आवरण सांगाडा पाटावर असतानाच लावा. फळीची बाहेरची बाजू किंचित ओली केली की ती रिबांवर न तडकता वळते. येथे झटपट सुकणारा सायनो गोंद वापरू नये, तो फळी सरकवायला वेळच देत नाही. लाकडाचा साधा गोंद लावून, वजने ठेवून पूर्ण सुकू द्यावे. पंख उलटा करून दुसरी बाजू लावताना त्याला तोच पीळ राहील असा आधार द्या. शेवटी दोन्ही पंखांचे कोन बुडापासून सारख्या अंतरांवर मोजा. नेमका अडीच अंश साधला का, यापेक्षा दोन्ही बाजू समान आहेत का, हे महत्त्वाचे. फरक राहिला तर ट्रिम (नियंत्रणांची बारीक जुळवणी) देऊन विमान सरळ उडवता येते, पण वॉशआउट कमी असलेले टोक आधी स्टॉल व्हायचे ते होतेच.

आता शेपूट. मूळ विमानाच्या नाकात मर्लिनसारखे जड बारा सिलिंडरचे इंजिन होते. मॉडेलच्या आखूड नाकात हलकी विद्युत मोटर असते. गुरुत्वमध्यापासून शेपटीचे अंतर नाकाच्या तिप्पट असेल, तर शेपटीत वाढलेले 10 ग्रॅम तोलण्यासाठी नाकात 30 ग्रॅम शिसे घालावे लागते आणि एकूण वजन 40 ग्रॅमने वाढते. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वजन 20 टक्क्यांनी वाढले तर तो सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढतो. किट उघडल्यावर मी सर्वप्रथम बाल्साच्या फळ्या एकेक करून काट्यावर ठेवतो. एकाच मापाच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक सापडू शकतो. सर्वांत हलक्या फळ्या शेपटीसाठी राखून ठेवाव्यात, उरलेल्यांतील सारख्या वजनाच्या जोड्या दोन पंखांना वाटून द्याव्यात. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी पट्टी) यांचे सर्व्हो, म्हणजे त्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, पंखाच्या जागेजवळ ठेवून हलक्या कार्बन नळ्यांनी जोडावेत. इपॉक्सी हा जड गोंद फक्त मोटर बसवायची भिंत, पंखांचा सांधा आणि चाकांचे ठोकळे येथेच वापरावे. शेपटीकडे त्याचा थेंबही नको.

चाकांबाबत एकच सांगतो. स्पिटफायरची चाके बाहेरच्या बाजूला मिटतात, त्यामुळे उघडल्यावर त्यांतील अंतर कमी राहते आणि धावपट्टीवर विमान गर्रकन फिरू शकते. मस्टँग किंवा हरिकेन या त्याच काळातल्या लढाऊ विमानांची चाके आत मिटत असल्याने ती दूरदूर असतात. अजून विमान निवडायचे असेल, तर याचा विचार जरूर करा.

जमिनीवरची तपासणी प्रॉपेलर काढून करावी. गुरुत्वमध्य बॅटरीसह आणि विमान उलटे धरून तपासावा, कारण खालच्या पंखांचे विमान बोटांवर सुलटे स्थिर राहत नाही. प्लॅनवर तो कुठून कुठपर्यंत चालेल याची पट्टी दिलेली असेल, तर पहिल्या उड्डाणासाठी पुढचे टोक निवडा; नाक थोडे जड असलेले विमान मंद प्रतिसाद देते, शेपूट जड असलेले मात्र हाताबाहेर जाते. उड्डाण घेताना थ्रॉटल हळूहळू वाढवा आणि डावीकडची ओढ उजव्या रडरने सांभाळा. भरपूर उंची गाठल्यावर, उतरण्याचा विचार करण्याआधी, थ्रॉटल कमी करून नाक हळूहळू वर धरा आणि विमान कोणत्या वेगाला व कोणत्या बाजूला कलंडते ते पाहा. उतरताना वेग त्याहून बराच जास्त ठेवा. आणि प्रत्येक वेळी एकच पंख पडत असेल, तर पुढच्या उड्डाणाआधी दोन्ही टोकांचे कोन पुन्हा मोजा.