प्रभारित धातूच्या गोलाच्या आतला विभव कसा काढायचा?

तुमचा गोल १० सेंमी त्रिज्येचा, प्रभार २ मायक्रोकूलोम, आणि विभव हवाय केंद्रापासून ४ सेंमीवरचा. तुम्ही ४ सेंमीने भागलंत, साडेचार लाख व्होल्ट आले, उत्तरसूचीत १.८ लाख आहेत. उत्तरसूची बरोबर आहे. आत कुठेही असा, भागायचं त्रिज्येनेच: ९ × १०⁹ × २ × १०⁻⁶ ÷ ०.१.

तुम्ही निदान शून्य तरी म्हणाला नाहीत. माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं होतं. मी आलेख काढला: केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत आडवी रेष, पुढे अंतर वाढेल तशी उतरत जाणारी. त्यांनी ती आडवी रेष लाल पेनने खोडली, इतकी दाबून की कागद फाटला. "आत विद्युत क्षेत्र शून्य ना? मग विभव कुठून येणार?" मग अक्षालगत स्वतःची रेष ओढली, पृष्ठभागाशी आल्यावर सरळ उभी वर नेली आणि माझ्या उतरत्या रेषेला जोडून दिली. २० पैकी ११.

अहो, क्षेत्र म्हणजे विभवाचा उतार. उतार नाही म्हणजे जागा सपाट, एवढंच. पठारावर पाणी वाहत नाही म्हणून पठार काय समुद्रसपाटीला येतं? प्रभार अनंतापासून पृष्ठभागापर्यंत ढकलत आणला की करायचं ते काम तिथेच संपलं. पुढे आत नेताना जोर लागत नाही, पण केलेलं काम परतही मिळत नाही.

माझ्यानंतर आत गेलेला मित्र निमूटपणे "शून्य" म्हणाला. त्याला १७. "मार्क घ्यायचे होते की सरांना शिकवायचं होतं?" हे तो अजून ऐकवतो.

पोकळ की भरीव, धातूला फरक पडत नाही. शेजारी दुसरा गोल आणला तर मात्र हे सूत्र चालत नाही. आत विभव सारखाच राहतो, पण आकडा बदलतो. ते गणित लांबलचक आहे, इथे करत बसत नाही. आणि हो, हे सगळं अनंतावर विभव शून्य धरून. धातूऐवजी तेवढ्याच आकारात आरपार सारखा पसरलेला नुसता प्रभार असता, तर केंद्रावर दीडपट, म्हणजे २.७ लाख आले असते.

तोंडीला कोणी शून्य म्हणालंच, तर ती उभी रेष त्यांनाच काढू द्या आणि तिचा उतार विचारा. अनंत! तुमच्या गोलाच्या पृष्ठभागावर क्षेत्र आहे मीटरला १८ लाख व्होल्ट. साधारण ३० लाखांना तर हवेत ठिणगी उडते. मला हे सुचलं बाहेर येऊन चपला घालताना.