नाटकाला सीट कुठली घ्यायची?

भावा, पहिलंच नाटक बघायला चाललायस ना, मग पहिल्या रांगेच्या नादाला लागू नकोस, मान वर करून दोन-अडीच तास बसावं लागतं आणि सगळा सेट एका नजरेत मावतच नाही. चौथी ते आठवी रांग, मधला भाग, हे लई भारी. तिथनं नटाच्या पापण्या हललेल्या पण दिसतात आणि मागं खिडकीशी उभारलेलं पात्र पण दिसतं. कडेची सीट स्वस्त मिळाली तरी नको, मी एकदा डाव्या कोपऱ्यात बसलो आणि अख्खा शेवटचा प्रवेश सेटच्या भिंतीआड गेला, नुसते आवाज ऐकले, अजून चुटपुट लागते.

संगीत नाटक असलं तर जरा मागं बसलास तरी चालतं, फक्त बाल्कनीच्या खाली एकदम मागं नको, आवाज दबतो. नाच असलेला प्रयोग बाल्कनीतनंच बघ. आजी-आजोबा सोबत असतील तर मधल्या वाटेच्या कडेची सीट घे, मध्यंतरात उठायला बरं पडतं.

आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर, ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाजवळ उभारून रडलोय मी. आमची बसायची सवय तिथंच लागलेली.