शाळेची कुंपणभिंत रंगवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शाळेची कुंपणभिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असून तिला सिमेंटचा गिलावा आहे. लांबी 40 फूट, उंची 5 फूट. मुलांनी जानेवारीत काढलेलं चित्र चतुर्थीपर्यंत पोपडे धरून गळून गेलं. रंग हलक्या दर्जाचा होता का? पुन्हा काढायचं तर किती रंग आणावा?
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : रंगाला दोष देण्याआधी गळलेला पोपडा उलटा करून पाहा. मागे पांढरी पूड चिकटली असेल तर खाली जुना चुना आहे. रंगाने चुना धरला, पण चुन्याने भिंत सोडली. मिठासारखा फुलोरा दिसला तर तो लोणा. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. ते पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येतं आणि रंगाला मागून ढकलतं.

पाणी शिरतं कुठून, हे आधी शोधा. बहुतेक वेळा भिंतीचा माथा सपाट आणि तडकलेला असतो. त्याला उतार देऊन गिलावा करून घ्या. भिंतीला मागून डोंगराची माती टेकलेली असेल, तर मात्र ती बाजू सोडून द्या. तिथे कुठलाही प्रायमर टिकत नाही.

काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस भिंतीवर ठेवा. आतून थेंब धरले तर भिंत अजून ओली आहे, थांबा. चुना पत्र्याने खरवडून काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा आत जातो. शेवाळ आणि काळी बुरशी असेल तिथे एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी लावून पंधरा मिनिटांनी धुवा, दोन-तीन दिवस वाळू द्या. हे काम मोठ्यांचं, मुलांचं नव्हे. ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका. गिलावा नवा असेल तर 28 दिवस रंगाचं नाव काढू नका.

तुमची भिंत 200 चौरस फुटांची. खडबडीत गिलाव्यावर बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक प्रायमर 3 लिटर, वर दोन हात पांढरा एक्स्टिरिअर इमल्शन 4 लिटर, आणि चित्राचे सगळे रंग मिळून 5 लिटर पुरतात. घरात वापरायचा डिस्टेंपर उरला म्हणून बाहेर लावू नका, पहिल्या पावसात धुऊन जातो.

रंग निवडताना गेरू, पिवळी माती, तपकिरी, काळा यांवर भर द्या. हे लोहाचे रंग. चिऱ्याला जो लाल रंग असतो तोही लोहाचाच, आणि तो उन्हाला भीत नाही. गुलाबी, जांभळा आणि झगझगीत फ्लोरोसंट रंग आधी उडतात. स्टेनर, म्हणजे पांढऱ्यात मिसळायचा बाटलीतला गडद रंग, घालायचा तर लिटरला साधारण 30 मिलिलीटरपर्यंत. गडद व्हावा म्हणून बाटलीच ओतली की रंग नीट वाळत नाही आणि हाताला लागतो. गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवरची कावी नक्षी लाल-पांढऱ्या दोनच रंगांत किती उठून दिसते, हे मुलांना जरूर दाखवा.

शेवटी, खालचा एक फूट चित्रात धरू नका. पावसाचे थेंब तांबडी माती उडवतात आणि तळाशी डाग पडतोच. तो पट्टा सरळ गेरूने रंगवा. जुन्या घरांना असतो तसाच.

प्रश्न : 45 मुलं, एकच भिंत. कागदावरचं चित्र भिंतीवर कसं उतरवायचं? आणि मुलांना काय काढायला सांगायचं?
— एक कला शिक्षक, पेडणे

उत्तर : काय काढायचं ते सांगितलं नाही, तर दोन डोंगर, मधून सूर्य आणि एक माड येणार. म्हणून आधी अर्धा तास शाळेबाहेर न्या आणि प्रत्येकाला तीन गोष्टी पाहून काढायला लावा. जवळ खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन असेल तर दुसरा विषय शोधायला नको. पण नेमकेपणा हवा. मानशीची, म्हणजे त्या बांधातल्या पाण्याच्या वाटेची दारं ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि भरतीला आपोआप मिटतात; मुलांनी ती कुठल्या बाजूला उघडतात ते पाहून काढावं. खारफुटीतही काहींची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, काहींची कमानीसारखी खोडातून खाली उतरतात. दोन्ही एकाच झाडाला जोडली की तिथून रोज जाणारा शेतकरी हसणार!

40 फूट लांब, 5 फूट उंच भिंत असेल तर दोन इंचाला एक फूट धरून 80 बाय 10 इंचांचं चित्र करा. दहा ए-फोर कागद उभे जोडले की भागतं. त्यावर दोन-दोन इंचांच्या चौकटी, भिंतीवर एक-एक फुटाच्या. खडूची पूड लावलेली सुतळी ताणून सूत मारा आणि दोन्हीकडे चौकटींना तेच क्रमांक द्या. मार्कर किंवा बॉलपेनने आखू नका, शाई इमल्शनमधून वर येते आणि दुसरा हात देऊनही झाकत नाही.

एका मुलाला तीन फूट जागा लागते, म्हणजे एका वेळी बारा-तेराच. चार गट करा, प्रत्येकी 40 मिनिटं. पहिल्या दिवशी फक्त मोठे भाग, वरून खाली. आधी खालचं रंगवलं तर वरचे ओघळ त्यावर येतात. दुसऱ्या दिवशी आतले आकार, तिसऱ्या दिवशी रेषा. रेषा चार-पाच स्थिर हातांकडेच द्या, हे मुलांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. लहानग्यांना हात पोचेल तेवढंच; शिडी नको. पूर्वेकडची भिंत दुपारी, पश्चिमेकडची सकाळी घ्या, कारण तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशमध्येच वाळतो आणि पट्टे उठतात.

प्रश्न : भिंत उघड्या चिऱ्याची आहे, गिलावा नाही. थेट रंगवली तर?
— एक पालक, फोंडा

उत्तर : नको. चिरा भोकाभोकांचा; रंग तिप्पट पितो, रेषा तुटक येते, आणि वर रंगाचा थर बसला की आतली ओल अडकून चिराच सुटू लागतो. सिमेंट फायबरच्या शीटवर चित्र काढा, मागूनही प्रायमर द्या आणि शीट भिंतीपासून इंचभर सोडून स्क्रूने बसवा. पावसाळ्यात काढून वऱ्हांड्यात लावता येते.