कथेतल्या पात्राचं दुःख वाचकापर्यंत कसं पोहोचवावं? ‘ती फार दुःखी होती’ असं लिहिलं की कोरडं वाटतं.

दुःखाचं नाव घेऊ नका. ते कशामुळे उसळलं आणि त्यामुळे पात्राने काय केलं, ते दाखवा. समजा, वडील जाऊन आठवडा झालाय. रात्री नऊला त्यांच्या मोबाइलवर गोळीचा गजर वाजतो. मुलगी उठून तो थांबवते, पण कायमचा काढून टाकत नाही, आणि फोन पुन्हा चार्जिंगला लावते. इथे ‘दुःख’ हा शब्द आला तर उलट सगळं पातळ होईल.

हे मुळात भरताच्या नाट्यशास्त्रातलं, म्हणजे नाटकावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथातलं आहे: विभाव म्हणजे भावनेचं कारण, अनुभाव म्हणजे तिची बाहेर दिसणारी खूण, व्यभिचारी भाव म्हणजे सोबत येऊन-जाऊन असणाऱ्या भावना, आणि या सगळ्यांच्या संयोगातून रस, म्हणजे प्रेक्षकाला मिळणारा त्या भावनेचा आस्वाद. नवीन लिहिणारे बहुतेक वेळा कारणातच कमी पडतात. गजर वाजतो हे आधी यायला हवं, मुलीचं वागणं त्यानंतर. आणि डोळे पाणावणं, छाती धडधडणं, गळा दाटून येणं या खुणा इतक्या वापरून झाल्यात की त्या नाव घेतल्यासारख्याच वाचल्या जातात. त्या पात्रालाच सुचेल अशी कृती शोधा, वेळ लागला तरी चालेल.

मात्र प्रत्येक भावनेला हा थाट नको. जाता जाता आलेला राग ‘तो चिडला’ एवढ्यात संपवा; नाहीतर कथा पुढे सरकत नाही.