एक नाला धर

प्रिय पोरी,

रविवारी नदीकाठची सफाई झाल्यावर हातमोजे काढताना तू विचारलंस, "काकू, दर आठवड्याला इतकी पोती भरतो, मग पुढच्या आठवड्याला पुन्हा तेवढाच कचरा कसा?" तेव्हा घाईत मी काहीतरी बोलून गेले. पण तुझा प्रश्न मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

आपली पवना नदी धरणातून निघते तेव्हा चांगली असते. रावेतच्या बंधाऱ्यापाशी शहर तिचं पाणी उचलतं, पितं, वापरतं आणि त्याच्या खाली नाल्यानाल्यांतून तिच्यातच सोडून देतं. दापोडीला ती मुळेला मिळते, संगमावर मुठा येते, पुढे भीमा, उजनी, आणि पंढरपुरात तिलाच आपण चंद्रभागा म्हणून हात जोडतो. काठावरचं प्लास्टिक डोळ्यांना दिसतं, फोटोतही येतं. नदीचा जीव घेतं ते सांडपाणी. एवढी माजलेली जलपर्णीसुद्धा त्यातल्याच नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाल्ला जातो, त्याचं माप म्हणजे बीओडी. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा, असा निकष आहे. पोती भरून तो आकडा खाली येत नाही.

म्हणून सगळी नदी अंगावर घेऊ नकोस. एक नाला धर. तो नदीला मिळतो तिथून उलटं वर चालत जा, मार्च-एप्रिलमध्ये जा. पाऊस नसताना नाला खळखळ वाहतोय म्हणजे ते बहुतेक सांडपाणीच. कुठे फुटलेलं चेंबर, कुठे गॅरेजचं ऑइल, कुठे हॉटेलच्या मागच्या दारातून येणारा पाइप. तारीख, वेळ, रंग, वास, फेस, सगळं वहीत लिही. मी एका नाल्यावर चार महिने अशा नोंदी ठेवल्या. सकाळी सात ते दहा पाणी वाढायचं, दुपारी ओसरायचं. म्हणजे घराघरातलं पाणी. शोधत गेलो तर रस्त्याखालचं चेंबर खचलेलं. "नदी घाण झाली आहे" या तक्रारीकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण तारखा आणि जागा लिहून दिलेला अर्ज सहज बाजूला सारता येत नाही. तरीही उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करायचा, त्याला ३० दिवसांची मुदत असते. आमचं चेंबर दुरुस्त व्हायला दोन पावसाळे गेले. आज त्या नाल्याच्या तोंडाशी उभं राहिलं तर नाकाला पदर लावावा लागत नाही, आणि हे सांगताना मला अजून भरून येतं.

पोती भरणं सोडू नकोस, बरं का. त्या निमित्ताने माणसं नदीवर येतात. फक्त कचरागाडीचं आदल्या दिवशी पक्कं कर. एकदा आम्ही साठ पोती काठावर रचली, गाडी आलीच नाही, रात्री पाऊस झाला आणि सकाळी सगळं परत पाण्यात. त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते. पोतं अर्धंच भर, ओला गाळ फार जड होतो. मुळांत अडकलेल्या साड्या ओढायच्या नाहीत, कात्रीने कापायच्या. सुया आणि काचा चिमट्यानेच उचलायच्या. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोची भीती असते, घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा तो ताप.

आणि काठावरचं लव्हाळ्याचं गवत, वाळुंजाची झाडं उपटू देऊ नकोस. उत्साही मंडळी "साफसफाई" म्हणून काठ खरवडून काढतात, मग पहिल्याच पुरात माती जाते. शेकाटे, ते लांब पायांचे पक्षी, दिसले म्हणून नदी सुधारली असंही समजू नकोस. ते सांडपाण्याच्या गाळातले किडे खायलाही येतात.

निर्माल्याची पिशवी घेऊन येणाऱ्या आजींवर ओरडू नकोस. "आजी, द्या माझ्याकडे, खत करते," एवढंच म्हण. बहुतेक जणी देतात.

माझी नोंदवही या रविवारी घेऊन येते. पुलाखालचा नाला तुला जवळ पडेल; त्याची आधीची पानं उतरवून घे आणि पुढची तू लिही. गमबूट घालून ये.

तुझी,
काकू