वाचकांचे प्रश्न : कुणाची हद्द, कुठली वाट?

प्रश्न : आमच्या घरगुती प्रार्थनासभेत बायबलमधल्या, मिसर सोडून निघालेल्या इस्राएलांच्या अरण्यप्रवासाचा अभ्यास चालू आहे. वाटेतल्या अदोम देशाने वाट नाकारली तर इस्राएल मुकाट्याने वळले, अमोऱ्यांचा राजा सीहोनने नाकारली तर त्याचं राज्यच घेतलं. हा दुजाभाव नाही का?
– एक वाचक, सदर

उत्तर : निरोप दोघांना जवळजवळ एकच गेला होता. शेतामळ्यांत शिरणार नाही, विहिरीचं पाणी पिणार नाही, राजमार्ग सोडणार नाही (बायबलमधलं गणना हे पुस्तक, 20:17 आणि 21:22). नकारही दोघांचा सारखाच. फरक आहे तो जमिनीच्या हक्काचा, आणि तो गणनेत नाही, अनुवाद या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. सेईर डोंगर, म्हणजे अदोमचा मुलूख, एसावाच्या (इस्राएलांचा पूर्वज याकोब याच्या भावाच्या) वंशजांना दिलेला. मवाब आणि अम्मोन या शेजाऱ्यांचे मुलूख लोटाच्या (अब्राहामाच्या पुतण्याच्या) वंशजांना दिलेले. तिथे पाऊल टेकण्याइतकीही जागा इस्राएलांना मिळणार नव्हती. सेईरमध्ये आधी होरी राहत, मवाबात एमी राहत, असे उल्लेख त्याच अध्यायात मध्येच येतात. सभेत ते रटाळ म्हणून गाळले जातात. आमच्या मते अध्यायाचा गाभा तिथेच आहे : इस्राएलांना देश देणाऱ्या परमेश्वराने शेजाऱ्यांनाही त्यांचा देश दिला आहे.

आर्णोन आणि यब्बोक या नद्यांमधला पट्टा सीहोनने मवाबाच्या आधीच्या राजाकडून जिंकून घेतला होता (गणना 21:26). त्यावर अशी मनाई नव्हती. तरी पहिल्यांदा शांतीचाच निरोप गेला. सैन्य घेऊन चालून आला तो सीहोन, आणि लढाई यहस इथे झाली. पुढे अम्मोनच्या राजाने या जमिनीवर हक्क सांगितला, तेव्हा इस्राएलांचा पुढारी इफ्ताह याने हाच मुद्दा मांडला : आम्ही मवाबाची किंवा अम्मोनची जमीन घेतलेली नाही, आणि इथे राहून 300 वर्षं झाली (शास्ते 11). सभेत अनुवाद 2 आधी वाचा, गणना 20 आणि 21 नंतर. उलट क्रमाने वाचलं की सगळी चर्चा लढाईवरच अडते.

प्रश्न : भावाशी कंपाउंडच्या भिंतीवरून वाद आहे. ‘देवाने जागा दिली आहे, हटू नका’ असा सल्ला मिळतो. सीहोनचा दाखला लागू करावा का?
– एक वाचक, जरीपटका

उत्तर : करू नका. लागू करायचाच तर अदोमचा करा, कारण अनुवाद 2:4 मध्ये त्यांना ‘तुमचे भाऊबंद’च म्हटलं आहे. भावाच्या हद्दीवरून जाताना अन्न आणि पाणीसुद्धा पैसे मोजून घ्यायचं, असा हुकूम होता. माघार स्वस्तात पडली नाही, हेही सांगायला हवं. तांबड्या समुद्राच्या वाटेने अदोमला वळसा घालताना लोक वाटेनेच वैतागले, कुरकुर झाली, साप डसले (गणना 21:4-6). बरोबर निर्णय घेतला की रस्ता सोपा होतो, असं हा उतारा कुठेच म्हणत नाही. भिंतीचं काय ते आधी मोजणी करून ठरवा.

प्रश्न : ‘जेरेद ओढा म्हणजे अहंकाराचा मृत्यू’ असं एका प्रवचनात ऐकलं. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. ओढ्यांच्या नावांना मनाचे अर्थ चिकटवायला सुरुवात केली की थांबणं अवघड. मजकुरातले आकडेच पुरेसे बोलके आहेत. होरेब डोंगरापासून कनानच्या दक्षिणेच्या कादेश-बर्ण्या या मुक्कामापर्यंत 11 दिवसांची वाट (अनुवाद 1:2). कादेशहून अदोम-मवाबाच्या हद्दीवरचा जेरेद ओलांडेपर्यंत 38 वर्षं (2:14), लढाऊ पुरुषांची ती पिढी संपेपर्यंत. कादेशला चूक दोनदा झाली : देवाने ‘कनान देशात जा’ म्हटलं तेव्हा गेले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ‘जाऊ नका’ म्हटलं तर कराराचा कोश (पवित्र पेटी) आणि मोशे छावणीत असताना डोंगर चढले आणि हर्मापर्यंत मार खाल्ला (गणना 14:40-45).

प्रश्न : कापणीच्या दिवसांत यार्देन दुथडी भरून वाहते, असं यहोशवा 3:15 मध्ये आहे. कापणीच्या वेळी पूर कसा?
– एक वाचक, कामठी

उत्तर : आपली कन्हान नदी डोळ्यांसमोर ठेवली की हा घोळ होणारच. आपल्याकडे पूर पावसाळ्यात येतो, मार्च-एप्रिलला वाळू दिसते. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि जवाची कापणी येते त्या सुमारास हर्मोन डोंगरावरचं बर्फही वितळत असतं. म्हणजे नदी पार करायला वर्षातला सर्वांत वाईट काळ. तांबड्या समुद्रापाशी पाणी आधी दुभंगलं, मग लोक आत गेले. इथे कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्यात बुडाले, त्यानंतर प्रवाह थांबला. लोक कोशामागे सुमारे 2000 हात अंतर राखून होते, म्हणजे जवळपास 900 मीटर.

प्रश्न : मुलांसाठी या हद्दींचा नकाशा फळ्यावर कसा काढावा?

उत्तर : क्षारसमुद्र (मृत समुद्र) उभा, 10 सेंटिमीटर लांब काढा, फळा मोठा असेल तर सगळी मापं त्याच पटीत वाढवा. त्याच्या दक्षिण टोकाशी पूर्वेकडून येणारा जेरेद, पूर्व किनाऱ्याच्या साधारण मध्यावर आर्णोन, आणि उत्तर टोकाच्या सुमारे 5 सेंटिमीटर वर यार्देनला मिळणारा यब्बोक. आजच्या नकाशात आर्णोन वादी मुजिब म्हणून सापडेल, यब्बोक झर्का म्हणून. जेरेद बहुधा वादी अल-हसा. जेरेदच्या खाली अदोम, जेरेद ते आर्णोन मवाब, आर्णोन ते यब्बोक सीहोन. अम्मोन समुद्रकिनाऱ्याला चिकटवू नका. त्याला सीहोनच्या पूर्वेला, यब्बोकच्या वरच्या वळणाजवळ ठेवा, नाहीतर इफ्ताहाचा वाद मुलांना कळणार नाही.